सात चलनं, एक मेसेज आणि विकून टाकलेली स्कूटर

प्रश्न विचारणारे गृहस्थ पिंपरीत राहतात. २०२३च्या दिवाळीत त्यांनी आपली स्कूटर एका जुन्या गाड्यांच्या डीलरला दिली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, डिलिव्हरी नोट लिहून घेतली, पैसे खात्यात आले आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. परवा मोबाइलवर मेसेज आला, की तुमच्या वाहनावर सात ई-चलनं थकीत आहेत, येत्या राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड करा, अन्यथा न्यायालयात खटला दाखल होईल. त्यांनी चलनं उघडून पाहिली. दोन विनाहेल्मेटची, गाडी त्यांच्याकडे असतानाची. तीन विक्रीनंतरची, सोलापुरातली. एक चिंचवडमधलं, नेमकं गाडी दिली त्याच तारखेचं. आणि एक मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचं. त्यांचा प्रश्न आहे : सगळं भरून मोकळा होऊ, की काहीच न भरता कोर्टात भांडू? आणि गेलोच नाही तर पोलीस घरी येतील का?

मी गेली एकवीस वर्षं पुणे जिल्ह्यातल्या कोर्टांत वकिली करतो. त्यातली बरीच वर्षं मोटार वाहन कायद्याखालचे खटले आणि अपघाताचे दावे यांतच गेली. हा प्रश्न दर लोकअदालतीच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे येतो आणि जवळपास प्रत्येक जण तो ‘सगळं की काहीच नाही’ असाच विचारतो. खरी अडचण तिथेच आहे. सात चलनं म्हणजे सात वेगळे आरोप आहेत. स्क्रीनवर ती एका बेरजेखाली दिसतात, कायद्यात ती एक नाहीत. त्यामुळे ‘भरू का’ यापेक्षा ‘कुठल्या चलनाला काय उत्तर देऊ’ हा तुमचा प्रश्न असायला हवा.

पण त्याआधी भीतीचं बघू, कारण घाबरलेला माणूस सगळं भरून टाकतो आणि चिडलेला सगळं फेकून देतो. दोघांचंही नुकसान होतं.

तुमच्या हातात आत्ता काय आहे? चलन पोलिसांकडे थकीत आहे आणि लोकअदालतीची सूचना आली आहे. हे समन्स नाही. लोकअदालत चालते ती दोन्ही बाजूंच्या संमतीवर. तिथे गेला नाहीत म्हणून कोणी वॉरंट काढत नाही. तडजोड झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे पोलीस खटला दाखल करू शकतात, मग न्यायालय समन्स काढतं, आणि तिथून मात्र खेळ बदलतो. समन्स बजावल्यावर तुम्ही स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहिला नाहीत तर आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, तरीही गेला नाहीत तर अजामीनपात्र. माझ्याकडे एक टेम्पोचालक आले होते. तीन वर्षं त्यांनी पोलिसांचे मेसेज आणि कोर्टाचा कागद एकाच पिशवीत कोंबून ठेवले होते, ‘सगळं एकच असतं’ म्हणून. मूळ दंड काही शे रुपयांचा. वॉरंट रद्द करून घेण्यातच त्यांचे दोन दिवसांचे भाड्याचे पैसे गेले.

समन्स ओळखायचं कसं? त्यावर न्यायालयाचं नाव असतं, खटल्याचा क्रमांक असतो, हजर राहायची तारीख असते, शिक्का असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही येऊ शकतं, म्हणून ‘कागद आला नाही म्हणजे समन्स नाही’ असं समजू नका. खटल्याचा क्रमांक ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून पाहा. खटला दाखल असेल तर तो तिथे दिसायला हवा.

याच ठिकाणी एक सावधगिरी. चलनाचा मेसेज म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, कधीही उघडू नका. ती उघडून खातं रिकामं झालेली माणसं मी पाहिली आहेत. मेसेजमधल्या लिंकवर न जाता महाट्रॅफिकचं अधिकृत ॲप किंवा शेवटी जीओव्ही डॉट इन असलेली साइट स्वतः उघडा, गाडीचा नंबर आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे आकडे घाला आणि तिथे जे दिसेल तेच खरं धरा.

आता सात चलनांच्या तीन चळती करू. चिंचवडचं एक तेवढं शेवटी बघू.

पहिली चळत : जे तुम्ही केलंत. दोन विनाहेल्मेटची चलनं. फोटो उघडा, गाडी तुमची, माणूस तुम्ही, डोकं उघडं. भरा. यात वकिलाला विचारण्यासारखं काही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड शुल्क भरलं, की त्या गुन्ह्याचा खटला तुमच्यावर चालत नाही. मात्र लोकांना न माहीत असलेली एक गोष्ट सांगतो. २०१९च्या दुरुस्तीने या कलमात भर पडली आहे. पैसे भरून प्रकरण मिटवलं तरी पुढे तोच गुन्हा पुन्हा घडला, तर आधीचा गुन्हा मोजला जातो आणि पुढचा ‘दुसऱ्यांदा’ ठरतो. शिवाय परवान्यावरची कारवाई दंड भरल्याने टळत नाही. विनाहेल्मेटला कायद्यात १,००० रुपये दंडाबरोबर तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. वेग, मोबाइल, दारू, सिग्नल तोडणं या बाबतींत पोलीस परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. ‘दंड भरला, आता कोणी काही करू शकत नाही’ हे म्हणूनच अर्धंच खरं आहे. कंपनीची गाडी चालवणाऱ्या एका मुलाने वेगाची चार चलनं एकगठ्ठा भरली आणि नंतर आरटीओची नोटीस आल्यावर तो माझ्याकडे आला. त्याची रोजीरोटी परवान्यावर होती. दंडापेक्षा त्या नोटिशीचं उत्तर महत्त्वाचं होतं, आणि त्यासाठी चलनं भरण्याआधी विचार करायला हवा होता.

हेल्मेटबद्दल अजून एक बोलतो, मग पुढे जाऊ. अपघात दावा न्यायाधिकरणात मी मृतांच्या बायकांबरोबर, आईवडिलांबरोबर बसलो आहे. डोक्याला मार लागल्याचे शवविच्छेदनाचे कागद वाचले आहेत. त्यामुळे हेल्मेटच्या चलनातून पळवाट काढून द्या म्हणून आलेल्याला मी परत पाठवतो. तुम्ही तसं काही मागितलं नाहीत, हे मला आवडलं.

दुसरी चळत : गाडी विकल्यानंतरची चलनं. इथे कायद्याचे दोन धागे आहेत आणि लोक ते एकत्र गुंतवतात.

पहिला धागा मालकीचा. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वाहन ज्याच्या नावावर नोंदलेलं तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात हेच ठामपणे सांगितलं. तिथे गाडी एकामागून एक कितीतरी हातांत गेली होती, पण नोंदणी बदललेली नव्हती, म्हणून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचं असतं. तुम्ही फॉर्मवर सह्या केल्या हे ठीक, पण तो फॉर्म आरटीओत पोचला का? बहुतेक वेळा तो डीलरच्या ड्रॉवरमध्ये असतो. पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी नावावर करायची नाही, म्हणजे एका हस्तांतराचा खर्च वाचतो, असा तो हिशेब असतो. तोवर त्या स्कूटरने कोणाला उडवलं तर वकिलाची नोटीस तुमच्या घरी येणार. तीन चलनांपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.

दुसरा धागा गुन्ह्याचा. हेल्मेट न घालण्याचा गुन्हा चालवणाऱ्याचा असतो, आरसी बुकावर नाव असलेल्याचा नव्हे. चलन नोंदणीकृत मालकाच्या नावे निघतं, कारण कॅमेऱ्याला नंबरप्लेटच दिसते. कायद्याने मालकावर कलम १३३ खाली एक कर्तव्य टाकलं आहे. गाडी कोण चालवत होतं याची असलेली माहिती पोलिसांनी मागितल्यावर द्यायची. म्हणजे तुमचं उत्तर ‘मला माहीत नाही, माझा संबंध नाही’ असं असू नये. ‘अमुक तारखेला, अमुक वाजता गाडी यांच्या ताब्यात दिली, हे त्याचे पुरावे, पुढची चौकशी यांच्याकडे करावी’ असं हवं. या दोन वाक्यांत फार फरक आहे. पहिलं वाक्य ऐकून समोरचा अधिकारी तुमचं म्हणणं बाजूला ठेवतो. दुसरं ऐकल्यावर त्याला काहीतरी करावं लागतं.

पुरावे म्हणजे काय? डिलिव्हरी नोट, घेणाऱ्याच्या आधारची किंवा परवान्याची प्रत, खात्यात पैसे जमा झाल्याची नोंद, फॉर्मची तुमच्याकडची प्रत, त्या दिवशीचे व्हॉट्सॲपवरचे निरोप. यांच्यासह वाहतूक शाखेला लेखी अर्ज द्या, त्याची एक प्रत आरटीओला. दोन्हीकडे आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज कोर्टात दिलाच नाही असं धरतात. तोंडी सांगून आलो, साहेब हो म्हणाले, हे ऐकून मला दर वेळी हळहळ वाटते.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत. आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र असलेल्या डीलरला गाडी देताना फॉर्म २९-सी भरून ऑनलाइन कळवायची सोय त्यात आहे, आणि ती सूचना नोंदली गेली की तो डीलरच गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक, ठरतो. तुमची विक्री त्यानंतरची आहे. डीलरला विचारा की तुझ्याकडे प्रमाणपत्र होतं का आणि २९-सी भरला होता का. भरला असेल तर तुमचं निम्मं काम झालं. भरला नसेल आणि आता तो फोनही उचलत नसेल, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत आरटीओच्या अर्जाला जोडा. तिथे थकीत चलनं आड येतील. ती असताना हस्तांतर आणि एनओसीचे अर्ज अडतात, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. म्हणून कधी कधी व्यवहार म्हणून मी अशिलाला सांगतो, की रक्कम लहान आहे, घेणाऱ्याकडून वसूल करा किंवा पदरचे भरा, पण गाडी आधी नावावरून काढा. हे तत्त्वाच्या विरुद्ध वाटेल. नवा मालक समोर आहे, नावावर करायला तयार आहे आणि तीन चलनांपायी सगळं अडलंय, अशी परिस्थिती असेल तर मी हाच सल्ला देईन. नवा मालक कोण हेच कळत नसेल, तर भरू नका, आधी अर्ज करा. भरलंत तर ‘गाडी माझ्याच ताब्यात होती’ असं उद्या तुमच्याविरुद्ध म्हणता येईल.

तिसरी चळत एकाच चलनाची आहे, पण ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. तिथे तुमच्या स्कूटरचं वेगाचं चलन निघालंय म्हणजे एक तर कॅमेऱ्याने नंबर चुकीचा वाचला, किंवा कोणीतरी तुमचा नंबर दुसऱ्या गाडीवर लावून फिरतंय. ‘नवीन मालक गेला असेल तिकडून’ असं समजून ते इतर तीन चलनांत ढकलून देऊ नका.

फोटो मोठा करून बघा. मागची चिखल उडालेली प्लेट, ८ चा ३ झालेला किंवा बी आणि डी यांची गल्लत झालेली, असं दिसलं तर ती वाचनातली चूक. ॲपवरच तक्रारीचा पर्याय आहे. चलनाचा क्रमांक, फोटोचा स्क्रीनशॉट, आरसीवर ‘दुचाकी’ लिहिलेलं पान आणि तुमच्याकडे असला तर स्कूटरचा जुना फोटो जोडा. अशी तक्रार पहिल्यांदा नामंजूर झाली तर खचू नका, तेच कागद घेऊन वाहतूक शाखेत जा. पण फोटोतल्या मोटारीवर खरोखरच तुमचाच नंबर स्पष्ट दिसत असेल, तर विषय चलनाचा राहत नाही. तो बनावट नंबरप्लेटचा गुन्हा आहे. त्याची पोलीस ठाण्यात तक्रार आजच्या आज द्यायला हवी, कारण उद्या ती गाडी एखाद्या अपघातात किंवा चोरीत सापडली तर पहिला फोन तुम्हाला येईल.

या चलनाबद्दल कायद्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, कोर्टात गेलात तर उपयोगी पडतील. कलम २०९ सांगतं, की वेग किंवा धोकादायक चालवण्याच्या गुन्ह्यात, त्या क्षणी चालकाला ताकीद दिली नसेल, तर १४ दिवसांत नोंदणीकृत मालकाला रजिस्टर्ड पोस्टाने गुन्ह्याची, वेळेची आणि जागेची नोटीस गेली पाहिजे किंवा २८ दिवसांत समन्स बजावलं पाहिजे. तसं झालं नसेल तर दोषी धरता येत नाही. अपवाद आहेत, पत्ता शोधूनही सापडला नाही असं दाखवता आलं तर ही ढाल चालत नाही, म्हणून आरसीवरचा पत्ता आणि मोबाइल नंबर ताजा ठेवा. दुसरी गोष्ट केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७-अ ची. कॅमेऱ्याच्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दर वर्षी नव्याने घेतलेलं हवं, रस्त्यावर कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक हवा, चलनासोबत फोटो आणि यंत्राने मोजलेला वेग हवा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली लागायचं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागतं. मी उलटतपासणीत सुरुवात याच कागदांपासून करतो.

‘सहा महिने झाले की चलन आपोआप रद्द होतं’ हे तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. त्यात सत्याचा अंश आहे, पण लोक त्यावर जो भरवसा ठेवतात तो चुकीचा. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला सहा महिन्यांनंतर घेता येत नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ सांगतं. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ४६८ होतं. पण ही मर्यादा न्यायालयाने दखल घेण्यावरची आहे. ॲपवरचं चलन त्यामुळे पुसलं जात नाही, आरटीओतली अडवणूकही थांबत नाही. न्यायहितासाठी उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. आणि ज्या गुन्ह्याला कैदेची शिक्षा आहे त्याची मुदत वेगळी. एक वर्षापर्यंतच्या कैदेला एक वर्ष. समन्स आलं आणि खटला मुदतीबाहेरचा असेल तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्या. घरी बसून मनातल्या मनात घेतलेली हरकत उपयोगाची नाही.

आता लोकअदालतीला जायचं का? जा, पण फक्त पहिल्या चळतीसाठी. लोकअदालतीत न्यायाधीश आणि त्यांच्याबरोबर वकील किंवा समाजसेवक असं पॅनेल बसतं, कोर्ट फी नाही, वकील लागत नाही. दंडात सवलत मिळते का, किती मिळते, हे त्या त्या वेळी आणि त्या त्या ठिकाणी ठरतं. मित्राला निम्म्यात मिळालं म्हणून तुम्हाला मिळेलच असं नाही, आणि सवलतीची वाट बघत वर्षानुवर्षं चलनं साठवणं मला पटत नाही. मुख्य म्हणजे तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून चुकीचं चलन ‘आलोच आहोत तर मिटवून टाकू’ म्हणत त्यात घालू नका. टेबलावरचा माणूस सातही चलनांची एकच रक्कम सांगेल. शांतपणे म्हणा, ‘ही दोन मला मान्य आहेत, बाकीच्यांवर माझा अर्ज आहे, ही त्याची पोच.’ रांग मोठी असते, मागचे लोक कुरकुरतात, तरी एवढं बोलायला वेळ घ्या.

जे गुन्हे कायद्याने तडजोडीचे नाहीत ते लोकअदालतीत मिटत नाहीत. दारू पिऊन चालवण्याचा गुन्हा त्यातलाच, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. धोकादायक चालवण्याच्या कलम १८४ मध्येही हातात मोबाइल धरण्यापुरतीच तडजोड होते. तुमच्यावर यातलं काही नाही, पण ज्यांच्यावर आहे त्यांनी ‘कबूल करून टाक, दंडावर सुटशील’ हा कोर्टाच्या दारातल्या एजंटाचा सल्ला ऐकू नये. ती कबुली म्हणजे दोषसिद्धी असते. नोकरीच्या, पासपोर्टच्या, व्हिसाच्या अर्जात ती लिहावी लागू शकते. अशा वेळी वकील करा, आणि फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. पात्र असाल तर मोफत वकील मिळतो.

समजा प्रकरण कोर्टात गेलंच, तर तिथे काय होतं तेही सांगतो, कारण न पाहिलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. सकाळी अकराच्या आधी पोचा. दाराशी त्या दिवसाचा बोर्ड लागलेला असतो, त्यात तुमचा क्रमांक बघा. फोन बंद करा. नावाचा पुकारा झाला की पुढे जाऊन उभे राहा. न्यायदंडाधिकारी आरोप मराठीत समजावून सांगतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ कबूल असेल तर दंड सांगतात, तो कोर्टातच भरून पावती घ्यायची. पावती जपून ठेवा आणि काही दिवसांनी ॲपवर चलन निकाली दिसतं का पाहा. नाही दिसलं तर त्याच पावतीवर दुरुस्ती होते. काही प्रकरणं आधी आभासी न्यायालयात जातात. तिथे घरबसल्या दंड भरता येतो किंवा खटला लढायचा पर्याय निवडता येतो. लढायचं म्हटलं की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे येतं.

‘कबूल नाही’ म्हणालात तर पुढच्या तारखा पडतात, पोलिसांचा साक्षीदार येतो, उलटतपासणी होते. इथे हिशेब प्रामाणिकपणे करा. पाचशे रुपयांच्या चलनासाठी चार दिवसांची रजा आणि वकिलाची फी परवडणार नाही. पण खोट्या नंबरच्या चलनात, परवान्यावर पोट असलेल्या चालकाच्या बाबतीत किंवा कैदेची तरतूद असलेल्या आरोपात हा हिशेब उलटा होतो. रक्कम किती यापेक्षा त्या आरोपाने पुढे काय अडणार आहे, ते बघून मी ठरवतो.

न्यायाधीशांसमोर बोलताना थोडक्यात बोला. ‘सगळेच हेल्मेट घालत नाहीत’ हा बचाव नाही. ‘त्या तारखेला विमा चालू होता, ही पॉलिसी’ हा बचाव आहे. तारखेचा कागद हातात असला की दोन मिनिटांत काम होतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. कागद नसताना अर्धा तास बोललेलंही वाया जातं.

तर तुमच्यासाठी क्रम असा. हेल्मेटची दोन चलनं भरा, लोकअदालतीत किंवा ॲपवर. द्रुतगती मार्गाच्या चलनाचा फोटो आज रात्री मोठा करून पाहा आणि तक्रार टाका. सोलापूरच्या तिन्हींसाठी एकच अर्ज करा, त्यात चलनांचे क्रमांक आणि तारखा वेगवेगळ्या लिहा. आणि डीलरला गाठून गाडी तुमच्या नावावरून काढण्याच्या मागे लागा. हे काम लोकअदालतीच्या तारखेची वाट बघत थांबवू नका.

राहिलं चिंचवडचं, विक्रीच्याच तारखेचं चलन. त्याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही. चलनावर वेळ छापलेली असते, उदाहरणार्थ दुपारी ४ वाजून १२ मिनिटं. डिलिव्हरी नोट काढून बघा, तारखेपुढे वेळ लिहिली आहे का. लिहिली नसेल तर बँकेच्या नोंदीत पैसे किती वाजता आले ते पाहा, आणि ‘गाडी मिळाली’ असा निरोप डीलरने किती वाजता पाठवला तेही शोधा. गाडी तोपर्यंत तुमच्याच हातात होती असं निघालं तर ते तिसरं चलनही पहिल्या चळतीत जाईल आणि तुम्ही ते भरा. गाडी आधीच गेली होती असं निघालं, तर तेवढी एक वेळ अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.